गुलाबी ठिपक्याच्या पुंगळ्या

आक्काचा फोन आला तेव्हा मी कागलला कामात होतो. "तुझं दाजी गेलं रं," एवढंच म्हणाली... आणि खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धांना आम्ही जोडीनं जायचो. दोघांचीही काडतुसं ते कसबा बावड्यातल्या घरी स्वतः भरत. दारू तोलताना खोलीतला पंखा बंद, कारण वाऱ्यानं काटा हलतो. घामानं बनियन चिंब व्हायचा. निवांत पडून मारायच्या स्पर्धेचं काडतूस जोरकस. त्याच्या बुडाला आक्काच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. घड्याळाशी झटत, जागा बदलत मारायचं असलं तर बेतानं, कमी दारू भरलेलं, त्याला गुलाबी. "धक्का कमी बसला की गोळी कुठं लागली ते दुर्बिणीत दिसतंय की, पावणं!" मेहुण्याला ते पावणंच म्हणत.

पुढं त्यांचा हात कापू लागला. त्याच सुमाराला, पडून मारायच्या एका स्पर्धेत माझ्या गोळ्या एकामागून एक लक्ष्याच्या खाली गेल्या. सगळ्यांदेखत मी ओरडलो, "दाजी, ह्यापेक्षा दिवाळीचा फटाका बरा! हात हलतोय तुमचा, बास करा आता." लोक हसले. मीही हसलो.

सवयीनं काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला दाजी वाकले. एक उलटी करून पाहिली... गुलाबी. चुकीचा डबा मीच उचलून आणला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी रायफल पुसत राहिलो. पुंगळ्या खिशात टाकत ते म्हणाले, "व्हय, हलतोय खरा." त्यानंतर क्लबात त्यांची काडतुसं कुणी घेईना, आणि ते पुन्हा कधी भरायला बसले नाहीत. माझ्यापुढं चहा ठेवताना त्यांच्या हातून बशीत सांडायचा, तेव्हा मी आक्काला म्हणायचो, "बघ, मी सांगत नव्हतो?"

दिवसकार्य उरकल्यावर आक्का म्हणाली, "एक डबा ठेवलाय त्यांनी. तू मागशील तवाच द्यायचा म्हणालेत. आत नुसत्या रिकाम्या पुंगळ्या हायत. कसल्या रं?"

"म्हाईत न्हाय," मी म्हणालो. हे लिहायला बसेपर्यंत हेच म्हणत होतो.

काडतुसं भरायच्या त्या खोलीतला पंखा ती अजून लावत नाही. उकाड्यात तशीच बसते. आक्का, रविवारची पुरवणी तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस... तो डबा मी मागतोय.