कपाचा कान

मे महिन्यातल्या एका लग्नात जेवणाच्या हॉलमध्ये बर्फाचा हत्ती उभा होता. तो कोरणारी सुनंदाताई माझी शेजारीण. ती बर्फ कोरते आणि चिनी मातीचे कपही घडवते. भर दुपारी हत्तीचे सुपासारखे कान सगळ्यात आधी गळायला लागले. मलाच वाईट वाटलं. वळून पाहिलं, तर ताई मजेत जिलबी खात होती.

"ताई, अगं कान गेले त्याचे!"

"जायचेच. पातळ असतात ना!"

तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले. त्यांनी उरलेल्या कानाचा तुकडा शांतपणे मोडला आणि आपल्या पन्ह्यात टाकला. ताई इतकी हसली की जिलबीचा पाक साडीवर सांडला.

पंचवीस वर्षं ती हत्ती, मोर, हंस कोरते आहे आणि त्यातल्या एकानंही दुसरा दिवस पाहिलेला नाही. मी असते तर रडत बसले असते.

"मी दुसऱ्या दिवशी कपांना कान लावायला बसते," ती पदर पुसत म्हणाली. "हात नुसते शिवशिवत असतात. एकदा भट्टीत भाजले की ते कान कुठे जात नाहीत."

तिनं दिलेल्या माझ्या कपाचा कान भलताच मोठा आहे. घाईत बिघडला असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आज सकाळी चहा ओतला, कप उचलला आणि एकटीच हसत सुटले.

रोज सकाळी मी हत्तीचा कान धरून चहा पिते आहे!