सभा झाल्या, लिहायच्या राहिल्या

"चार वर्षांत मी एकदाही तोंड उघडलं नाही? मी काय मेलो होतो का?"

शब्दकोशांच्या कपाटापलीकडे इतिहासाचे सर वाणिज्याच्या सरांना विचारत होते. आपण हळू बोलतो आहोत अशी त्यांची समजूत होती. कपाटाच्या अलीकडे मी स्टुलावर बसून धूळ पुसत होते. माझा हात तिथेच थांबला.

"उपस्थितांत नाव आहे ना तुमचं," वाणिज्याचे सर म्हणाले.

"उपस्थित तर खुर्च्यापण होत्या."

ते ज्या सभांबद्दल बोलत होते त्यांतली एकही झालेली नव्हती. त्या सगळ्या मी लिहिल्या होत्या, आणि लिहिताना इतिहासाच्या सरांना एकही वाक्य द्यायचं राहून गेलं होतं.

आमचं महाविद्यालय कोहमाऱ्याच्या चौकापासून थोडं आत आहे. मी गोंदियाहून रोज बसने येते. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी असं वाढल्यामुळे मला तीन भाषांत गप्प बसता येतं. ग्रंथपाल व्हायचं ठरवलं तेव्हा हा गुण कामी येईल असं वाटलं होतं.

रुजू झाल्यावर लवकरच कळलं की ग्रंथपाल हा शिक्षक की शिक्षकेतर, हे आमच्याकडे वेळ पाहून ठरतं. पगारपत्रकात मी शिक्षकांमध्ये होते. हजेरीपटात शिक्षकांच्या खाली, मध्ये एक ओळ कोरी सोडून. शिक्षक प्रतिनिधी निवडायच्या सभेच्या दिवशी ग्रंथालयातले परिचर काका, ज्यांची नोकरीच माझ्या वयापेक्षा मोठी आहे, धापा टाकत आले. "मॅडम, चला लवकर. कोरम नाई भरून राहिला."

मी गेले, बसले, मोजली गेले. मग प्राचार्य म्हणाले, "आता मतदान आहे. मॅडम, तुम्ही गेलात तरी चालेल."

मी उठले तेव्हा वाणिज्याच्या सरांनी विचारलं, "मग कोरम?"

"तो भरून झाला," प्राचार्य म्हणाले.

एका समितीत मात्र माझी जागा नियमानेच पक्की होती. ती म्हणजे ग्रंथालय समिती. तिथे ग्रंथपाल सदस्य-सचिव असतो. सचिवाने काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते म्हणजे लिहायचं. सदस्याने काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझ्याआधी ही जागा चार वर्षं रिकामी होती. काका कुलूप उघडत आणि लावत, पुस्तकं देत आणि घेत. समितीची सभा कुणी बोलावली नाही, कारण बोलावणारा सचिवच नव्हता. मग बाहेरच्या राज्यांतले लोक असलेली मूल्यांकन समिती येणार असं पत्र आलं, आणि प्राचार्यांनी मला बोलावून एक कोरं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"तुमचं इंग्रजी चांगलं आहे. चार वर्षांच्या सभा आहेत, वर्षाला दोन धरा."

"सर, त्या झाल्या आहेत?"

"झाल्याच आहेत. फक्त लिहायच्या राहिल्यात."

"पण कोण काय बोललं..."

"जे बोलायला पाहिजे होतं, ते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि शाई एकच नको."

मी नाही म्हणायला हवं होतं. परिवीक्षेचं वर्ष चालू होतं, असं कारण मी स्वतःला दिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं हे की त्या दुपारी मी पहिली सभा लिहायला घेतली आणि मला मजा यायला लागली. प्रत्यक्षात ज्यांच्यासमोर माझा आवाज घशातच राहतो, ती माणसं माझ्या रजिस्टरात माझंच म्हणणं मांडत होती, तेही इंग्रजीत, मुद्देसूद आणि एकमेकांना न तोडता. एक अडचण होती. त्या चार वर्षांत ग्रंथपाल नव्हताच, त्यामुळे माझ्या तोंडी काही घालता येत नव्हतं. म्हणून माझी सगळी मतं मी इतरांना वाटून टाकली.

त्यांतलं सगळ्यात मोठं मत वाचनकक्षाबद्दल होतं. ग्रंथालयाला लागून एक लांब खोली आहे. दुपारनंतर तिथे बारा-पंधरा मुली येऊन बसतात. त्यांची शेवटची बस साडेपाचला असते. पोलीस भरती, तलाठी, बँक, ज्याची जाहिरात निघेल त्याचा अभ्यास त्या करतात. सौंदडच्या पुढच्या एका गावाहून येणारी एक मुलगी खिडकीजवळची खुर्ची सोडत नाही. घरी का अभ्यास करत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "घरी पुस्तक उघडलं का कोणाले ना कोणाले माही आठवन येते, मॅडम."

कक्ष साडेपाचपर्यंत उघडा ठेवावा असा काही नियम नव्हता. काका आणि मी ठेवत होतो, एवढंच. उद्या कुणी बंद करा म्हटलं असतं तर दाखवायला कागद नव्हता. म्हणून मी कागद केला. शेवटच्या बसपर्यंत वाचनकक्ष विद्यार्थिनींसाठी उघडा राहील आणि इतर कुठल्याही कामासाठी दिला जाणार नाही, असा ठराव मी चार वर्षांपूर्वीच्या एका सभेत मंजूर करून टाकला. फक्त तो मांडणारा माणूस अजून ठरला नव्हता.

कपाटापलीकडचं बोलणं ऐकलं तेव्हा तो सापडला.

मी इतिहासाच्या सरांना गाठलं, म्हणजे ते रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी येईपर्यंत वाट पाहिली, आणि ठरावाच्या सूचकाच्या जागी त्यांचं नाव लिहिलं. "मराठीत सांगा, मी काय म्हणालो," ते म्हणाले. मी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बरोबर बोललो मी," ते म्हणाले. "अजून एक-दोन ठिकाणी टाका."

ही बातमी पसरायला एक चहा पुरला. दुसऱ्या दिवशी वाणिज्याचे सर आले. त्यांच्या घरची राईस मिल आहे, आणि गोंदियाचे असल्यामुळे माझ्याशी ते हिंदीत बोलतात. "मॅडम, मेरा सब मीठा-मीठा हो गया है. कहीं तो विरोध डालो. थोडा मसाला."

मी त्यांना विरोध दिला. गाईडं विकत घेण्याच्या प्रस्तावाला त्यांनी कडाडून विरोध केला, असं अर्धं पान लिहिलं. ते खूश झाले, पण प्राचार्यांनी ते अर्धं पान रद्द करायला लावलं. "विरोध दिसला की पुढचा प्रश्न येतो. सर्वानुमते लिहा. सगळीकडे सर्वानुमते." वाणिज्याचे सर त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जी सभा झाली नाही तिच्यात त्यांचा अपमान झाला होता.

सगळ्यांच्या सह्या झाल्यावर रजिस्टर फार नवं दिसायला लागलं, म्हणून प्राचार्यांच्या सांगण्यावरून काकांनी ते दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं. परत आणताना त्यांनी वाचनकक्षाच्या ठरावाच्या पानावर बोट ठेवलं. इंग्रजी त्यांना येत नाही, तारखा येतात.

"मॅडम, या दिवशी सभा घेतली का तुमी?"

"घेतली, काका. म्हणजे, लिहिली."

"त्या दिवशी तं पोळा होता. इतिहासाचे सर आपल्या बैलाइले घेऊन तोरणाखाली उभे होते. मी सोता पायलो."

तारीख खोडली असती तर सह्यांवर संशय आला असता. मी इतिहासाच्या सरांकडे गेले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "खाली जागा आहे ना? लिहा, सण असूनही सदस्य ग्रंथालयाच्या कळकळीने हजर राहिले." मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि बैलांनाही शुभेच्छा घालता येतील का, असं विचारलं. ते मी गाळलं. त्या रजिस्टरात मी एवढा एकच निर्णय स्वतःच्या नावावर घेतला.

मूल्यांकन समिती आली त्या दिवशी मुलींना येऊ नका असं सांगितलं होतं, कारण वाचनकक्ष नीटनेटका दिसायला हवा होता. रिकाम्या कक्षात समितीचे अध्यक्ष रजिस्टर उघडून बसले. वयस्कर गृहस्थ होते, पान न् पान वाचत होते. आजवर माझं लिहिलेलं इतक्या मन लावून कुणी वाचलं नव्हतं. पोळ्याच्या पानावर ते थांबले आणि हे काय, असं त्यांनी विचारलं.

इतिहासाच्या सरांनी आधी पोळा म्हणजे काय ते सांगितलं. मग त्या दिवशीची सभा सांगितली. घरून कसे फोन येत होते, बैल कसे खोळंबले होते, तरी वाचनकक्षाचा प्रश्न सुटल्याशिवाय कुणी उठलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मला वाटतं, तोपर्यंत त्यांना ते खरंच आठवायला लागलं होतं. वाणिज्याच्या सरांनी मान डोलावली. मीसुद्धा डोलावली. मलाही आता थोडं थोडं दिसत होतं.

"सचिव तुम्ही?" अध्यक्षांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. ग्रंथालयाबद्दल त्या दिवशी मला विचारलेला हा एकमेव प्रश्न.

महिन्याभराने अहवाल आला. प्राचार्यांनी आम्हाला बोलावून तो वाचून दाखवला. ग्रंथालय समितीचं काम अनुकरणीय आहे. सदस्य सणवार न पाहता सभांना येतात, चर्चा सखोल होते. मात्र इतक्या दर्जेदार सभा घेणाऱ्या संस्थेकडे स्वतंत्र सभागृह नसावं, ही खेदाची बाब आहे. ते तातडीने उपलब्ध करावं.

सभागृह होईल एवढी खोली आमच्याकडे एकच होती.

त्या क्षणी मी काय केलं, तर अहवालाची झेरॉक्स काढून फाईलला लावली.

तेच तर माझं काम होतं. काकांना कळलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. "अंडाकृती टेबल येऊन राहिला म्हनतेत," ते म्हणाले. "पोरी कुठी जातीन आता?"

"काका, रजिस्टरात ठराव आहे. कक्ष कुणाला द्यायचा नाही म्हणून."

"आहे ना. पन पोरी का रजिस्टरावर बसतीन?"

ग्रंथालय समितीची खरीखुरी सभा वाचनकक्षातच बोलावली होती. चार वाजता काकांनी मुलींना उठवलं. त्या पुस्तकं उचलून निघाल्या, सौंदडकडची सगळ्यात शेवटी. आम्ही त्यांच्या खुर्च्यांवर बसलो. मी ज्या खुर्चीवर बसले तिच्यावर उसवलेल्या दप्तराचा एक दोरा होता.

"विषय एकच," प्राचार्य म्हणाले. "वाचनकक्षाचं सभागृहात रूपांतर. कुणाला काही बोलायचंय?"

कुणी बोललं नाही. सगळे निवांत होते. मी इतिहासाच्या सरांकडे पाहिलं. हा कक्ष कुणाला द्यायचा नाही, असा ठराव चार वर्षांपूर्वी त्यांनी मांडला होता आणि पाहुण्यांसमोर त्यासाठी गहिवरलेही होते. माझी नजर पाहून ते माझ्याकडे झुकले.

"मॅडम, माझ्या नावावर जरा वजनदार टाका."

"कुठल्या बाजूने, सर?"

"ते तुम्ही पाहून घ्या ना."

तेव्हा कुठे मला नीट कळलं. ही माणसं घाबरून गप्प नव्हती. बोलण्याचं काम सचिवाचं आहे आणि ते सभा संपल्यावर होतं, अशी त्यांची आता पक्की समजूत झाली होती. ती मीच करून दिली होती.

"चला तर," प्राचार्य म्हणाले. "सूचक, अनुमोदक मॅडम ठरवतील. सर्वानुमते. चहा येऊ द्या."

मी पेन उघडलं. मला अजूनही वाट होती. ठराव फेटाळला असं लिहिलं असतं तर निम्म्या जणांनी न वाचता सही केली असती. इतिहासाच्या सरांचं भाषण मी असं लिहिलं असतं की त्यांनी ते घरी वाचून दाखवलं असतं. आणि अंडाकृती टेबल तरीही आलं असतं.

खिडकीतून चौक दिसत होता. मुली ढाब्याच्या टिनाखाली उभ्या होत्या, एकीला एक चिकटून. सौंदडकडची जरा बाजूला, पुस्तक उघडून. एक ट्रक रिव्हर्स घेत तिच्या दिशेने येत होता. तिने मान वर केली नाही. वाचता वाचताच दोन पावलं सरकली आणि पान उलटलं.

काका चहाचा ट्रे घेऊन दारात थांबले होते. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि पुढे जात नव्हतं. शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. लिहिण्याचा आवाज येईना म्हणून एकेक जण माझ्याकडे पाहायला लागला.

"काय झालं, मॅडम?" प्राचार्यांनी विचारलं. "स्पेलिंग अडलं का?"

मी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा "सर" म्हणाले, ते मलाही ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाले.

"सर, सभा आपण घेतच नाही. मुली रोज बसतात. हा कक्ष द्यायला माझा विरोध आहे, आणि तो मी माझ्या नावावर लिहिणार आहे."