मावशीच्या स्वयंपाकघरावरचे पत्रे

गेल्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी चार ते पाचच्या दरम्यान माझ्या मावशीला फसवण्यात आलं. त्या वेळी ती समोरच्या खोलीत शेगडी मांडून फसवणाऱ्यांसाठीच पोहे करत होती. मागे, तिच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर, छताचे पत्रे पेलणाऱ्या गंजलेल्या लोखंडी पाइपांना लाल रंग फासून त्यांना नवं केलं जात होतं. पोह्यांवर तिनं शेव घातली, इकडचा जीरावन मसाला भुरभुरला, लिंबाच्या फोडी ठेवल्या. तिघांनी दोनदा मागून घेतले.

मी पत्रकं लिहिते. कुठल्या वस्तीत नळ कोरडे आहेत, कुठे गटार फुटलं आहे, कोणी काय कबूल करून केलं नाही, हे एका पानात आणि रोखठोक लिहायचं. त्या मंगळवारीही मी दुसऱ्यांच्या नळांचं निवेदन घेऊन उन्हात उभी होते. घरी आले तेव्हा चकचकीत निळे पत्रे अर्धे चढले होते. मी मान वर केली, "मस्त दिसतंय" म्हटलं आणि आंघोळीला गेले.

मावशी अडुसष्ट वर्षांची आहे. काका बँकेत होते, बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. नानाखेड्याच्या बाजूच्या एका कॉलनीत त्यांनी घर बांधलं. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब. मागचं स्वयंपाकघर नंतर काढलेलं, म्हणून त्यावर सिमेंटचे पत्रे. काका गेल्यावर मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले ती राहिलेच. त्या पत्र्यांना तडे गेले होते. आधीच्या पावसाळ्यात ती छत्री उघडून भाजी फोडणीला टाकायची आणि वर मलाच सांगायची, "हसू नको, तेल उडतं."

तिचा मुलगा पुण्याला असतो. तो भला माणूस आहे, म्हणूनच त्याचं बोलणं टाळता येत नाही. दिवाळीत येऊन ओलीची काळी भिंत बघून गेला आणि जाताना म्हणाला की आई, पुढच्या पावसाळ्यात गळलं तर घराला कुलूप, तू माझ्याकडे. धमकी असती तर मावशी भांडली असती. प्रेमापुढे ती गप्प बसली. मग दोन दिवसांनी, शेजारच्या काकींनी कंपाउंडच्या भिंतीवरून कढीची वाटी दिली तेव्हा मला म्हणाली, "पुण्याला सातव्या मजल्यावर भिंतीवरून वाटी कोण देणार गं?"

म्हणजे प्रश्न पत्र्यांचा नव्हता. छत झालं तर मावशी इथे, नाही तर पुण्याला. एवढंच होतं आणि एवढं सगळं होतं.

आता आमच्या लोकांचा एक दोष सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी मावशी हिंदीत वाघीण आहे. भाजीवाल्याला "भिया, ये भिंडी है कि लकड़ी" असं विचारून प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघते. गॅसवाला, प्लंबर, रिक्षावाला, कोणी तिच्यापुढे एक शब्द इकडचा तिकडे करू शकत नाही. पण समोरचा मराठी बोलला की ती यजमानीण होते. मग विचारणं म्हणजे संशय घेणं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे अपमान, आणि लिहून मागणं तर मेल्याहून मेल्यासारखं. परगावात आपली चार घरं, त्यात आपलाच माणूस, त्याला काय विचारायचं? उज्जैनच्या कितीतरी मराठी घरांत हे असंच चालतं. माझ्या आईचंही.

छताचं काम बघायला आधी एक भिया, म्हणजे इथला हिंदी बोलणारा कारागीर, आला होता. मावशीनं त्याला शिडी लावायला लावली, वर चढवलं, उतरल्यावर उलटतपासणी घेतली. तो म्हणाला की चद्दर, म्हणजे पत्रे, तर बदलाच, पण खालचे पाइप भिंतीत जिथे शिरतात तिथे सडलेत. सगळे काढावे लागतील, पाच दिवस जातील. खरं बोलला बिचारा. आणि त्याला काम मिळालं नाही, कारण मधल्या काळात माधव नगरच्या आपल्या मराठी गणपती मंडळातला एक ठेकेदार तिला भेटला. वाकून नमस्कार करून म्हणाला, "काकू, काम घरचंच समजा." तो शिडी न लावता खालूनच बघून गेला. पाइप बदलायचे ना, असं तिनं विचारलं. सगळं नवीन काकू, तुम्ही काळजीच सोडा. किती दिवस? दोन.

पाच दिवसांचं काम दोन दिवसांत कसं होतं, हे घरात कोणीही विचारलं नाही. मीही नाही.

जुने सिमेंटचे पत्रे त्यांनी हातोड्यांनी फोडून खाली टाकले. सगळीकडे पांढरी धूळ. ती धूळ छातीला वाईट, असे पत्रे ओले करून अख्खे उतरवायचे असतात, हे मला नंतर कळलं. तोवर मावशीनं पदर तोंडाला लावून सगळं झाडून काढलं होतं.

बुधवारी संध्याकाळी काम "झालं". गुरुवारी सकाळी थोडा वारा सुटला. मावशी कणीक मळत होती. परातीत वरून तपकिरी भुकटी पडली. तिला वाटलं फळीवरचा मसाला सांडला. बोटावर घेऊन तिनं जिभेला लावली आणि थुंकली.

मग मला शिडी आणायला सांगितलं. मी चढते म्हटलं तर ऐकेना, म्हणाली, घर माझं आहे. मी शिडी धरली. ती कंबरेला पदर खोचून, हातात उलथणं घेऊन चार पायऱ्या चढली आणि भिंतीजवळ पाइप खरवडला. लाल रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली गंजाचा, त्याखाली आणखी एक. मग काहीच उरलं नाही. तिची करंगळी पाइपाच्या आत गेली. ती तशीच, करंगळी आत ठेवून, जरा वेळ उभी राहिली. खालून मला तिच्या पायांच्या टाचा दिसत होत्या. तिच्या टाचा इतक्या फुटल्यात, हेही मी तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. झालं का छत? तिनं फोन घेऊन अंगणात जाऊन निळे पत्रे दाखवले. छान झालं आई, म्हणाला. फोन ठेवून ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली.

"खोटं बोलले मी. पोराशी."

मी तोवर पत्रक लिहून टाकलं होतं. ठेकेदाराचं नाव, फोटो, पाइपाचा फोटो. कॉलनीच्या ग्रुपवर आणि गणपतीच्याही फक्त पाठवायचं बाकी होतं. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि फोन पालथा ठेवला. म्हणाली की त्याची आई आरतीला तिच्या शेजारी उभी असते. तिला काय तोंड दाखवायचं? मी चिडले. म्हटलं, मग तुझी बॅग भरायला घेते, पुण्याला पाऊस लवकर येतो, छत्री ठेवू का? हे मी बोलले. आजही आठवलं की मला माझ्या तोंडात मारावंसं वाटतं. तिनं आत जाऊन माझ्यासाठी दूध गरम केलं.

शुक्रवारी ठेकेदार आला. आता त्याला पाइपांखाली प्लास्टिकचं सीलिंग ठोकायचं होतं. ते एकदा लागलं असतं तर वरचं कोणालाच दिसलं नसतं. हसत आत आला, काकू आज पोह्यांचा वास नाही येऊन राहिला, असं म्हणत. मावशीनं खुर्ची पुढे केली.

"बैठिए भिया."

तो हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"काकू, हिंदीत का बोलताय?"

"वो सीढ़ी लगी है. ऊपर चढ़िए और उँगली डालके देखिए. फिर बताइए, पाइप नए लगेंगे कि नहीं."

आवाज चढवला नाही तिनं. भेंडीवाल्याशी बोलते तेवढाच. पण काल-परवापर्यंत ज्याला ती "अरे बाळा" म्हणायची त्याला आज "आप" होतं, आणि त्या एका "आप"नं त्याला गणपतीच्या मांडवातून उचलून रस्त्यावर नेऊन उभं केलं. माझ्या सगळ्या पत्रकांना जे जमलं नसतं ते. तो शिडी चढला. उतरला तेव्हा माझ्याकडे बघितलं, मावशीकडे नाही. पुटपुटला की मजुरांनी परस्पर केलं. मावशी म्हणाली, मजदूरों को पोहे मैंने खिलाए, काम आपने लिया था. तो बराच वेळ हातातला टेप उघडत-मिटत राहिला.

"नवीन लावतो काकू," तो शेवटी म्हणाला. मराठीतच.

"लिखके दीजिए."

तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. जुने पाइप मावशीसमोर बाहेर निघतील. नवे पाइप रंग लावायच्या आधी ती बघणार. भिंतीत शिरणारी टोकं तो नीट पक्की करणार. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही, आणि प्रत्येकाखाली रबर. पत्रा भिंतीला जिथे भिडतो तो जोड बंद करणार. छत उघडं असेल तितके दिवस ताडपत्री तो आणणार. आणि सीलिंग सगळ्यात शेवटी, पाणी टाकून बघितल्यावर. ही अर्धी यादी पहिल्या भियाच्या उलटतपासणीतून तिच्या लक्षात राहिली होती. तिला सगळं माहीत होतं. फक्त मराठीत विचारता येत नव्हतं.

पाचच दिवस लागले. तिसऱ्या दुपारी आंधी, धुळीचं वादळ, आली, ताडपत्रीचं एक टोक सुटलं आणि मी, मावशी आणि ठेकेदार असे तिघं ते ओढून धरून उभे होतो. मावशीच्या केसांत, डोळ्यांत, सगळीकडे धूळ. तो ओरडत होता की काकू तुम्ही आत जा, आणि ती हिंदीत त्याला म्हणत होती, आप रस्सी देखिए. मी त्या वाऱ्यात हसत सुटले.

शेवटच्या दिवशी पत्र्याच्या वरच्या कडेनं त्यानं बादल्या ओतल्या. शेजारच्या काकी भिंतीवर हनुवटी टेकून बघत होत्या. मावशी आत, स्वयंपाकघराच्या मधोमध, मान वर करून. एकही थेंब आला नाही. तो खाली उतरून, भिजलेल्या पँटनं दारात उभा राहिला. आता तरी मराठीत बोला म्हणाला. त्याचं तोंड खरोखर एवढंसं झालं होतं.

"आधी पाऊस पडू दे," मावशी म्हणाली. मराठीत.

पाऊस पडला. पहिले दोन दिवस ती स्टुलावर बसून वर बघत असे, तांदूळही तिथेच निवडले. तिसऱ्या दिवशी तिनं वर बघणं सोडलं. त्या संध्याकाळी तिनं पुण्याला फोन लावला आणि मुलाला सगळं सांगितलं. करंगळी, खोटं बोलणं, सगळं. तो म्हणाला की दिवाळीत येईन तेव्हा स्वतः वर चढून बघेन. कुलपाचं काही बोलला नाही. मावशीनं फोन ठेवला आणि किती तरी वेळ ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिली. मला पाठ दिसत होती तिची, तेवढं पुरे होतं.

त्या ठेकेदारावर माझा राग अजून आहे. पण खरं सांगायचं तर मी त्या पत्र्यांखाली तीन वर्षं जेवले. भिंतीवर ओल बघितली, छत्रीतली फोडणी बघितली, आणि एकदाही शिडी लावली नाही. शहरभरच्या गळक्या नळांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा एकही नव्हता. तिला एकटीला त्या ठेकेदाराशी बोलायला सोडलं मी. तोही "काकू" म्हणाला, मीही "मस्त दिसतंय" म्हटलं.

तेव्हा तुमच्याकडे माझी मागणी आहे. तुमची आई, मावशी, आत्या, जी कोणी एखाद्या जुन्या छताखाली राहते आणि फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते, तिच्या घरी या रविवारी जा. पाऊस यायच्या आधी जा. शिडी लावा, स्वतः चढा, भिंतीजवळचं लोखंड खरवडून बघा. ठेकेदार येईल तेव्हा तिच्या शेजारी बसा, आणि तो तुमचा कोणीही लागत असो, काय काढणार, काय नवं घालणार आणि किती दिवसांत, हे त्याच्याकडून लिहून घ्या. लिहून मागायला तिला लाज वाटेल. ते तुम्ही मागा.