निळं वर्तुळ

माझं एक भौमितिक चित्र सुमनताई मागावर विणत होत्या, भिंतीवर टांगण्यासाठी. त्यातल्या निळ्या वर्तुळापाशी त्या तीन आठवडे अडकल्या होत्या. त्या दुपारी पाहायला गेलो, तर विणलेलं पुन्हा उसवणं चाललेलं.

"धागा एक तर आडवा जातो, नाहीतर उभा," मान चोळत त्या म्हणाल्या. "गोलाई पायऱ्यापायऱ्यांनीच येते. जवळून खटकते."

"राहू द्या, लांबून गोलच दिसतंय."

त्या थांबल्या नाहीत. "तुम्हाला किती दिवस लागले हो, हे काढायला?"

मला कुंचल्याचा एकच फटकारा पुरला होता. त्यांच्या सुजलेल्या बोटांकडे बघत मी म्हणालो, "बरेच."

"तरीच!" त्यांचा चेहरा सैल झाला.

माझ्या हाताच्या ज्या सफाईचं सगळे कौतुक करतात, तिचाच मला एकाएकी शीण आला.