श्वासाचा कचरा

माझे शेजारी देसाई जुनी ध्वनिमुद्रणं साफ करून देतात. मी हौसेने त्यांना आयर्लंडमधलं एक दिलं. कुणी म्हातारा स्वयंपाकघरात बसून माउथ ऑर्गनवर तिकडच्या लोकनाचाच्या धुना वाजवतोय. हे वाद्य श्वास सोडतानाही वाजतं आणि घेतानाही. त्यामुळे सुरांमागे त्याची धाप ऐकू येते, बूट फरशीवर ताल धरतो, मध्येच कुणीतरी भांडं आपटतं.

आज देसाई पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि त्यांनी ते मोठ्याने लावलं. "सगळा कचरा काढला बघा. आता नुसते सूर."

माझं डोकंच फिरलं. "कचरा? अहो, तो माणूस श्वास घेत होता!"

"तेच तर खटकत होतं," देसाई म्हणाले.

आई गेल्यावर फोटोवाल्यानेही हेच केलं होतं. तिच्या कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं आणि वर "आता छान दिसतात" म्हणाला. तेव्हापासून आमच्या भिंतीवर दुसऱ्याच कुणाची तरी आई टांगलेली आहे. माणसाची खूण दिसली की यांचे हात शिवशिवतात. पुसल्याशिवाय चैन पडत नाही मेल्यांना!

देसाई गेले तसं मी रागारागाने मूळ ध्वनिमुद्रण लावलं. धाप, बूट, भांडं, सगळं परत आलं. मघाशी साफ केलेलं घरभर घुमत होतं, तेव्हा बायकोने काही विचारलं नव्हतं. आता तिने आतून हाक दिली,

"अहो, कोण आलंय? चहा टाकू का?"