इनासकाकांनी साठ वर्षं न ऐकलेलं गाणं

फिलोमिनाचा फोन आला तेव्हा मी शांती नगरच्या बाजारात भाजीवाल्याशी हिंदीत भांडत होते. मेथीच्या जुडीत निम्मं गवत होतं. "ताई, पप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी चहा दिला, अर्धा प्यायले आणि मान टाकली." पप्पा म्हणजे तिचे सासरे, उत्तनजवळच्या डोंगरीचे इनासकाका. ऐंशी ओलांडली होती, आणि तरुणपणी गाण्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन वाजवायचे. मी ती जुडी तशीच पिशवीत कोंबली आणि पैसे देऊन बाजूला झाले. आता लाज वाटते, पण खरं सांगते... माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार हा, की त्यांच्या त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या दिवशी दुसरा टेक झाला होता का, ते विचारायचं राहूनच गेलं. रडू आलं ते नंतर, घरी जिना चढताना. आई म्हणायची, हिला न्यायला यम आला तरी ही आधी विचारेल, रेडा कुठल्या गावचा. तिचं खोटं नव्हतं.

या पुरवणीत मी काही वर्षं जुन्या गाण्यांच्या जन्मकथा लिहायचे. नोकरी संपली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, आणि गिरगावातून इथे येताना आणलेल्या रेकॉर्डी कपाटात पडून होत्या. त्यात एका गाण्याबद्दल लिहिलं होतं. गाण्याचं नाव आज लिहिणार नाही, तसा मी शब्द दिला आहे. ज्यांनी तो लेख वाचला असेल त्यांना कळेलच. त्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याचा शेवटचा शब्द गायिका लांबवते, आणि तिचा सूर संपायच्या आतच व्हायोलिन तिला येऊन मिळतं. दहा-बारा सेकंदांचा तुकडा, पण लोक त्यासाठी जीव टाकतात. मी जे सगळे लिहितात तेच लिहिलं होतं, की संगीत संयोजकानं त्या जागेवर तीन रात्री विचार केला आणि आवाजाची नि व्हायोलिनची ही गळाभेट घडवून आणली. तो स्वतःच तसं सांगत असे. लेख छापून आल्यावर दोन दिवसांनी एका अनोळखी बाईचा, म्हणजे या फिलोमिनाचा, फोन आला. "तुम्ही त्या गाण्याचं लिहिलंत ना? आमचे पप्पा म्हणतात, ते सगळं खोटं हाय. ते म्हणतात, ती चूक व्हती, आणि चूक करणारा मीच हाय." माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षं ते गाणं ऐकतेय मी, आणि हे कोण सांगणारे. पण झोप काही लागली नाही. तिसऱ्या दिवशी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडून डोंगरीला उतरले.

काका ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. काटकुळे, अंगात इस्त्रीचा शर्ट, डाव्या हाताच्या बोटांची टोकं दगडासारखी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "बाय, तू गान्यांचं लिवतेस. रेकॉर्डिंग पायलंस कंदी?"

"नाही हो."

"मंग?" एवढंच.

त्यानंतर मी जातच राहिले, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. काका सगळं सांगायचे, फक्त ती चूक सोडून. मी लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिलं, पण ते आपले भलतंच सांगत बसायचे. पण भलतंच म्हणजे तरी काय ऐवज होता तो. तेव्हा गायिका आणि पन्नास वादक एकाच हॉलमध्ये एकाच वेळी गात-वाजवत. कुणी खोकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. टेक चालू असताना पंखे बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये येते, त्यामुळे अंगातला शर्ट पिळून काढावा इतका घाम. पायानं ठेका धरायची सवय असलेल्या एकाला म्हणे बूट काढूनच बसवत. दोन व्हायोलिनवाल्यांत कागदाचा एक स्टँड, आणि पान उलटायचं काम नव्या माणसाचं. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की झालेला टेक वादकांना ऐकायलाच मिळत नसे. काचेपलीकडच्या खोलीत संगीतकार, गायिका आणि संयोजक ऐकत, आणि वादक पेट्या बंद करून बससाठी पळत. "आमी वाजवला, आयकला जगानं," काका म्हणायचे. रेडिओवर तरी ऐकलं असेल ना, मी विचारायचे. मग ते विषय बदलायचे. एकदा फिलोमिनानं आतून सांगितलं, "ताई, ते गाणं लागलं की पप्पा उठून बाहेर जातात. माझ्या भावाच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलं तर जेवणाचं ताट टाकून उठले. मला किती वाईट दिसलं."

चौथ्या की पाचव्या खेपेला सांगितलं. मी काही विचारलंही नव्हतं त्या दिवशी, वाटाणे सोलत बसले होते फिलोमिनाबरोबर. काका म्हणाले, "तो तुकडा माझा न्हाय. बस्त्यावचा हाय." बस्त्याव त्यांचा चुलतभाऊ, बारा वर्षांनी मोठा. त्यानंच इनासला व्हायोलिन शिकवलं, त्यानंच मुंबईच्या स्टुडिओत नेऊन उभं केलं. गावात लग्नाच्या बँडचा म्होरक्याही तोच. त्यांच्याकडे कॅथलिक लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात. म्होरक्या पुढे चालतो, त्याला मागे वळून बोलता येत नाही, म्हणून तो नुसता हात वर करतो. हात खाली आला की बँड सुरू. बस्त्यावनं इनासला पहिला धडा हाच दिला होता, हात खाली आला की वाजवायचं, इचार करायचा न्हाय.

त्या गाण्यात बस्त्यावला आयुष्यातला पहिला सोलो मिळाला होता. आठ वर्षं मागच्या रांगेत वाजवल्यावर. आठवडाभर तो घरी तेवढाच तुकडा घासत होता, आणि इनास शेजारी बसून ऐकत होता. रेकॉर्डिंगला दोघं एकाच स्टँडवर, माइकसमोर. इनासचं काम पान उलटायचं आणि पुढे इतर व्हायोलिनांबरोबर वाजवायचं. टेक सुरू झाला. दुसरा अंतरा संपत आला, गायिकेनं शेवटचा शब्द धरला, संगीतकाराचा हात 'थांबा' म्हणून वर. आणि त्याला आला घाम. त्यानं कपाळ पुसलं आणि हात खाली आणला.

"हात खाली आला, बाय," काका म्हणाले. "मी वाजवला. कागदावर माझं दुसरंच व्हतं, पन बोटांतनं बस्त्यावचा तुकडा निघाला. कानात नुसती धडधड. एकदा डोल्याच्या कोनातनं पायलं, बस्त्यावचा बो, म्हंजे गज, खाली व्हता. मंग मी डोले मिटले ते संपल्यावरच उघडले. तवाबी त्याचा बो खालीच."

टेक तोडला कुणी नाही. गायिका हसली, संगीतकार म्हणाला, राहू दे, छान वाटतंय. आणि वीस वर्षांच्या इनासचं नशीब उघडलं. 'तो पोरगा आणा' म्हणून बोलावणी यायला लागली. बस्त्याव शेवटपर्यंत मागच्या रांगेतच राहिला. त्या दिवशी स्टुडिओतून बाहेर पडल्यावर त्यानं इनासला एवढंच विचारलं, "भूक लागली काय?" आणि बनमस्का खायला घातला. त्या चुकीवर तो नंतर कधी एक शब्द बोलला नाही, आणि यानंही विचारलं नाही. एकाच वाडीत, भिंतीला भिंत लावून दोघं राहिले. बस्त्याव जाऊन आता वीसेक वर्षं होतील. "त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तं बरा झाला असता," काका म्हणाले. "तो राग पोटात घेऊन गेला. मी त्याचं खाल्लं न् त्यालाच लुटलं." म्हातारा माणूस हुंदके द्यायला लागला तेव्हा माझ्या हातातले वाटाणे खाली सांडले. ते म्हणाले, लिही, तुकडा बस्त्यावचा म्हणून लिही. पण गाण्याचं नाव लिहू नको, नाहीतर लोक पुन्हा तेच ऐकतील आणि पुन्हा मलाच वाखाणतील.

लिहिण्याआधी मला एकदा नीट ऐकायचं होतं. तेव्हा साधारणपणे एक टेक झाल्यावर खबरदारी म्हणून दुसरा घ्यायचे, हे वाचलेलं होतं, त्यामुळे रेकॉर्डवर नक्की कुठला टेक आहे, चुकीचा की नंतर ठरवून वाजवलेला, ही शंका मनात होती. नया नगरमध्ये सलीमभाई म्हणून आहेत, जुन्या रेकॉर्डी धुऊन-पुसून संगणकावर उतरवून देतात. त्यांच्या दुकानात कानावर मोठे हेडफोन लावून मी तो तुकडा ऐकला. नेहमीचंच. सलीमभाईंनी खरखर काढली, खालचे आवाज जरा उचलले, स्वतः ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "मॅडम, ये दो बज रहे हैं."

"दो क्या?"

"वायलिन. एक नहीं, दो है. दूसरा नीचे है, बहुत धीमा. उसको ढूँढना पडेगा."

ढूँढलं. एकदा सापडल्यावर मग ते ऐकू आल्याशिवाय राहीना. पहिले दोन-तीन सूर इनासचं व्हायोलिन एकटं आहे, जरा कापतंय. मग त्याच्या खालून दुसरं येतं, हळू, त्याला धरून, आणि शेवटपर्यंत सोडत नाही. याला चर्चच्या गायनात 'सेकंड' म्हणतात, मूळ चालीच्या खालून चालणारे सूर. इथली मुलं लहानपणापासून शिकतात, कुणीही काही गायला लागलं की हे आपोआप सेकंड लावतात. सलीमभाईंनी गल्ल्यावरचं गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं आणि आम्ही दोघं ते अकरा वेळा ऐकलं. तुकडा एकट्याचा ठरला होता, त्यामुळे दुसरं व्हायोलिन कागदावर असायचं कारणच नव्हतं. एकटं पोर उघडं पडलं, तर टेक तुटणार आणि सगळ्यांसमोर त्याची शोभा होणार. शेजारी बसलेल्या माणसानं ते दोन-तीन सुरांत ओळखलं होतं. माझी अशी खात्री झाली. पण माझ्या खात्रीला कोण विचारतो.

दुसऱ्याच दिवशी डोंगरी गाठली. काका ऐकायलाच तयार होईनात. "न्हाय. साठ वर्सं न्हाय आयकला, आता कशाला?" मी समजावून दमले. शेवटी फिलोमिना कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "पप्पा, ताई दोन बसा बदलून येतात. तुम्ही एक मिनिट कान देऊ शकत न्हाय?" सुनेपुढे त्यांचं काही चालायचं नाही. मी मोबाइलला हेडफोन लावला आणि त्यांच्या कानावर चढवला. काय ऐकायचं ते मुद्दाम सांगितलं नाही.

गाणं पुढे सरकलं तशी त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तुकडा आला. डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली, आणि मध्येच थांबली. "पुन्ना लाव," ते म्हणाले. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा बोटं वेगळी चालत होती, खालचे सूर धरत होती. हेडफोन काढून ते म्हणाले, "खाली बस्त्याव हाय." मी न राहवून विचारलं, कशावरून बस्त्यावच? दुसऱ्या रांगेतलं कुणी असेल. ते माझ्यावर उखडलेच. "त्याचा हात मी वलखनार न्हाय? वरच्या सुरावर जाताना तो जरासा घसरतो. लग्नाचं गानं वाजवून वाजवून लागलेली खोड हाय ती. मास्तर लोकं ओरडायचे त्याला." मग स्वतःशीच म्हणाले, "बो खाली व्हता, मी पायला व्हता... एकदाच पायला. पुन्ना पायला असता तं... मुका बैल. सांगायचं न्हाय का मना?" ते बस्त्यावला शिव्या घालत होते, रडत होते आणि मधूनच हसत होते. फिलोमिना पदराला हात पुसत नुसती उभी होती. मीही रडले. मला त्या माणसाचा, कधी न पाहिलेल्या बस्त्यावचा, फार राग आला आणि फार मायाही आली.

त्यानंतर काका पाच महिने होते. त्या काळात मी दोनदाच गेले. गुडघ्याचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे आपलं कोडं सुटलं या खुशीत मी होते. फिलोमिना फोनवर सांगायची की पप्पा आता गाणं रोज लावतात आणि नातीला, जेसिकाला, संध्याकाळी व्हायोलिन शिकवतात. अकरावीतली मुलगी, चर्चच्या कॉयरमध्ये वाजवते. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचा वेळ जातोय.

परवा काकांच्या महिन्याच्या मिस्सेला, त्यांच्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, गेले होते. चर्चमधून घरी आलो, सगळ्यांना चहा झाला, पाहुणे पांगले. मी काकांच्या खोलीत टेकले होते. खाट उचलून ठेवली होती, स्टँड मात्र खिडकीशी तसाच होता. जेसिका आली, आजोबांचं व्हायोलिन काढलं आणि सरावाला उभी राहिली. जे वाजवायला लागली ते मला ओळखूच येईना. चाल सारखी कुठेतरी अर्धवट राहतेय, कुणाची तरी वाट बघतेय असं वाटायचं. वरच्या एका सुराकडे जाताना ती जराशी घसरली, आणि मी ओळखलं, हे बस्त्यावचं सेकंड.

"वरचं वाजव की," मी म्हटलं. "मूळ चाल."

"ती नाही शिकवली आजोबांनी," ती म्हणाली. "मी मागितली ना, तर म्हणाले, वरचं सगळ्या जगाला येतंय. हे कोणालाच येत नाही, हे तू ठेव."

मी तिला म्हटलं, पुन्हा वाजव. तिनं पहिल्यापासून वाजवलं. वरची चाल माझ्या ओठांवर आली होती, ती मी मोठ्या कष्टानं आत ठेवली आणि खालचे सूर संपेपर्यंत ऐकत बसले.