लिंबाची खालची फांदी

परसातल्या कागदी लिंबावर एक काळं-पिवळं फुलपाखरू घिरट्या घालतंय. पानाला टेकतं, लगेच उठतं. अंडी घालायला जागा शोधत असावं. आई दरवेळी एक खालची फांदी त्याच्या अळ्यांसाठी सोडते आणि बाकीच्या झाडावर निंबोळी अर्क फवारते. काल फवारणी माझ्याकडे होती. त्या फांदीवर वळवळणाऱ्या हिरव्या अळ्या पाहून मला किळस आली, आणि मी तीही चिंब भिजवली. आईला सांगितलं नाही.

"अगं, फोटो काढ की," आई आता खिडकीतून म्हणते. "तुला आवडतात ना फुलपाखरं?"

आवडतात. फक्त सुंदर व्हायच्या आधीचं काही मला बघवत नाही.

फुलपाखरू पुन्हा त्याच फांदीशी आलंय. मी मोबाइल पायरीवर पालथा ठेवते.